छातीतली गाठ आणि पापणीवरची खूण

थायमोमा हा शब्द तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला नसेल. ज्यांनी ऐकला आहे, त्यांनी तो बहुधा घरातल्या कुणाच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टवर वाचला असेल आणि घाबरून मोबाइलवर शोधला असेल. म्हणून आधी साध्या शब्दांत सांगतो.

आपल्या छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या थोडी वर, थायमस नावाची एक ग्रंथी असते. शाळेच्या पुस्तकात तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे नाव आहे. लहानपणी ती मोठी असते. वयात आल्यावर ती आक्रसत जाते आणि तिच्या जागी चरबी साठते. या ग्रंथीत कधीकधी गाठ तयार होते, तिला थायमोमा म्हणतात. हा आजार दुर्मीळ आहे आणि बहुधा मध्यमवयात किंवा त्यानंतर आढळतो. तो बरेचदा संथ गतीने वाढतो. वेळेवर सापडला आणि शस्त्रक्रियेने पूर्ण काढता आला, तर रुग्ण पुढे अनेक वर्षे चांगला राहू शकतो.

आता अडचण बघा. हाडामागची गाठ हाताला लागत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही. मग डॉक्टर रुग्णाला तपासतात ते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधायला वैद्यकाला सुमारे तीनशे वर्षे लागली. त्यातला एक धागा आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात रोज दिसणाऱ्या एका सापापर्यंत येतो. ही गोष्ट सांगण्यामागे हेतू एकच आहे. आपल्याकडे अहेरी, भामरागड, सिरोंचाहून सीटी स्कॅनपर्यंत पोहोचणे म्हणजे एक-दोन दिवसांची मजुरी बुडवणे आणि गाडीभाडे उसने घेणे. तेव्हा कुणाला तिथवर पाठवायचे, हे बिनखर्चाच्या तपासणीतून कळले तर फार मोठी मदत होते.

ठोकून आणि ऐकून बघितले, तरी गाठ सापडेना

छाती तपासताना डॉक्टर बोटाने ठोकून बघतात, हे तुम्ही पाहिले असेल. ही युक्ती लिओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरने १७६१ मध्ये छापून सांगितली. त्याचे वडील खानावळ चालवत. पिंप ठोकून आत दारू कुठवर आहे ते ओळखतात, तशीच छाती ठोकून आत हवा आहे की पाणी हे ओळखता येते, असे त्याचे म्हणणे. पुढे १८१६ मध्ये पॅरिसच्या लेनेक यांनी कागदाची नळी करून छाती ऐकली आणि स्टेथोस्कोप जन्माला आला.

या दोन्ही युक्त्या फुफ्फुसासाठी आणि हृदयासाठी उत्तम आहेत. थायमसच्या लहान गाठीपुढे मात्र त्या हतबल ठरतात, कारण समोर जाड हाड आहे आणि गाठ फार खोलवर आहे. आजही थायमोमाच्या बऱ्याच रुग्णांची छाती तपासली तर काहीच सापडत नाही. साधारण एक-तृतीयांश रुग्णांना काही त्रासही नसतो. खोकल्यासाठी, क्षयरोगाच्या शंकेने किंवा अपघातानंतर एक्स-रे अथवा सीटी स्कॅन काढला जातो आणि त्यात गाठ अचानक दिसते.

गाठ मोठी झाली की ती शेजाऱ्यांना ढकलते. तेव्हा काही खुणा दिसू लागतात. डोक्याकडून आणि हातांकडून हृदयाकडे रक्त आणणारी मोठी शीर दबली, तर चेहरा सुजतो, मानेच्या शिरा फुगून राहतात आणि छातीवर निळसर शिरांचे जाळे दिसते. ही शीर बंद झाल्याचे वर्णन विल्यम हंटर यांनी १७५७ मध्येच केले होते. त्यांच्या रुग्णात कारण वेगळे होते, पण खुणा याच. १९४६ मध्ये लिव्हरपूलच्या पेंबर्टन यांनी एक साधी चाचणी सांगितली. दोन्ही हात कानाला टेकतील असे वर धरायचे आणि मिनिटभर थांबायचे. छातीच्या वरच्या भागात जागा अडलेली असेल तर चेहरा लालसर-निळसर होतो, डोके जड होते. पेंबर्टन यांनी ही चाचणी छातीत उतरलेल्या गलगंडासाठी सांगितली होती, पण छातीतल्या इतर मोठ्या गाठींनाही ती लागू पडते. दोरीवर कपडे वाळत घालताना किंवा फेटा बांधताना चेहरा तांबडा होऊन गुदमरल्यासारखे वाटते, असे कुणी सांगितले तर आम्ही कान टवकारतो ते याचमुळे.

याखेरीज आवाज बसणे, सततचा खोकला, छातीत जडपणा, आडवे पडल्यावर दम लागणे अशाही तक्रारी असतात. पण या तक्रारी इतर कितीतरी आजारांत असतात. थायमोमाची सर्वांत बोलकी खूण छातीत नाहीच. ती डोळ्यावर आहे.

संध्याकाळी झुकणारी पापणी

१६७२ साली इंग्लंडमध्ये थॉमस विलिस या डॉक्टरांनी एका स्त्रीचे वर्णन लिहून ठेवले. ती थोडा वेळ बोलली की तिचा आवाज हळूहळू जाई आणि तास-दोन तास तोंडातून शब्द फुटत नसे. असेच काही रुग्ण सकाळी चांगले चालत आणि दुपार व्हायच्या आत त्यांना हात-पाय हलवणे कठीण होई, हेही विलिस यांनी नोंदवले. म्हणजे अशक्तपणा कायमचा नव्हता. तो घड्याळाप्रमाणे आणि वापराप्रमाणे बदलत होता.

त्यानंतर दोनशे वर्षे या निरीक्षणाकडे कुणी फारसे वळून पाहिले नाही. १८७७ मध्ये लंडनच्या सॅम्युएल विल्क्स यांनी एका मुलीची हकीकत लिहिली. तिला चालता-बोलता येत नव्हते, डोळे तिरळे होत होते. सुरुवातीला हा सारा मनाचा खेळ समजला गेला. पुढे तिचा श्वास बंद पडून मृत्यू झाला. शवविच्छेदनात मेंदूमध्ये काहीही सापडले नाही.

१८७९ मध्ये जर्मनीतील एर्ब यांनी पापण्या झुकणे, मान सावरता न येणे आणि चावताना जबडा थकणे या तीन गोष्टी एकत्र मांडल्या. १८९३ मध्ये वॉर्साच्या गोल्डफ्लाम यांनी आणखी रुग्णांचे बारकाईने वर्णन केले. १८९५ मध्ये बर्लिनच्या फ्रीडरिश योली यांनी विजेच्या सौम्य झटक्यांनी स्नायू पुन्हा पुन्हा आकसवून दाखवला. पहिल्या झटक्याला स्नायू जोरात आकसे, पुढच्या झटक्यांना कमी कमी. विश्रांती दिली की पुन्हा ताकद येई. या आजाराचे ‘मायस्थेनिया ग्रॅव्हिस’ हे नाव याच सुमारास रूढ झाले. त्याचा अर्थ ‘स्नायूंची गंभीर दुर्बलता’.

तुमच्यापैकी काहींना हे नाव ओळखीचे वाटेल. १९८० च्या दशकात अमिताभ बच्चन यांना हा आजार झाल्याची बातमी देशभर पसरली होती. अनेक भारतीयांनी हे नाव ऐकले ते तेव्हाच.

फ्रँकफर्ट, १९०१

तोपर्यंत पापणी आणि छातीतली ग्रंथी यांचा संबंध कुणाच्या ध्यानातही नव्हता. १९०१ मध्ये फ्रँकफर्टमध्ये मायस्थेनियाने दगावलेल्या एका पुरुषाचे शवविच्छेदन झाले. डॉक्टर लाकेअर यांचा हा रुग्ण होता आणि तपासणी कार्ल वाइगर्ट या नामांकित विकृतिशास्त्रज्ञांनी केली. मेंदू आणि मज्जारज्जू व्यवस्थित होते. पण छातीत, हाडामागे, थायमसची गाठ होती. स्नायूंमध्येही तिच्यासारख्याच पेशी दिसल्या. गाठीच्या पेशी स्नायूंत पसरल्यामुळे दुर्बलता आली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कारण त्यांनी चुकीचे सांगितले, पण संबंध मात्र खरा निघाला.

आज आपल्याला हे आकडे माहीत आहेत. मायस्थेनियाच्या दर १०० रुग्णांमागे साधारण १० ते १५ जणांत थायमोमा असतो. उलट बाजूने पाहिले तर थायमोमाच्या एक-तृतीयांश किंवा त्याहून काही जास्त रुग्णांना मायस्थेनिया होतो. म्हणून मायस्थेनियाचे निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाची छाती सीटी स्कॅनने बघितली जाते. ‘तक्रार डोळ्याची आणि फोटो छातीचा कशाला?’ असे नातेवाईक विचारतात. त्याचे उत्तर फ्रँकफर्टच्या त्या शवविच्छेदनात आहे.

१९११ मध्ये झुरिकमध्ये जाउअरब्रुख यांनी थायरॉइडचा त्रास आणि मायस्थेनिया असे दोन्ही असलेल्या एका तरुणीची थायमस ग्रंथी काढली. तिची दुर्बलता कमी झाली. १९३६ मध्ये अमेरिकेत नॅशव्हिल येथे आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी गंभीर मायस्थेनिया असलेल्या एका तरुणीच्या छातीतून थायमसची गाठ काढली आणि ती सुधारली. त्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. गाठ काढून पापणी उचलता येते, यावर त्यानंतर डॉक्टरांचा विश्वास बसू लागला.

ग्रिनिचची डॉक्टर आणि विषाचा उतारा

याच काळातली आणखी एक हकीकत मला विशेष आवडते, कारण ती एका साध्या सरकारी रुग्णालयातली आहे. लंडनमधील ग्रिनिचच्या सेंट आल्फेज रुग्णालयात मेरी वॉकर नावाच्या डॉक्टर काम करत होत्या. मोठे पद नाही, प्रयोगशाळा नाही. त्यांच्या ध्यानात आले की मायस्थेनियाचा रुग्ण हा क्युरारे या विषाची बाधा झालेल्या माणसासारखा दिसतो. क्युरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेतले आदिवासी शिकारी बाणाला लावत ते विष. त्यावर फायसोस्टिग्मीन हा उतारा माहीत होता, आणि तो पश्चिम आफ्रिकेतल्या एका विषारी शेंगेच्या बियांपासून मिळत असे. वॉकर यांनी १९३४ मध्ये ५६ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीला तो टोचला. तासाभरात पापणी उचलली गेली, गिळणे सुधारले. परिणाम काही तास टिकला. पुढच्याच वर्षी त्यांनी निओस्टिग्मीन हे अधिक उपयोगी औषध वापरून दाखवले. आज मायस्थेनियाचे रुग्ण पायरिडोस्टिग्मीनच्या गोळ्या घेतात, त्या याच घराण्यातल्या.

हे निओस्टिग्मीन आपल्याकडे नागदंशाच्या उपचारातही प्रतिविषाच्या जोडीने देतात. दोन अगदी वेगळ्या आजारांत एकच औषध कसे काय चालते? याच्या उत्तरासाठी आपल्याला सापाकडे यावे लागेल.

मण्यारीच्या विषाने उलगडलेले कोडे

पावसाळ्यात, धान रोवणीच्या दिवसांत, आपल्याकडच्या रुग्णालयांत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश बहुतेक वेळा दुखत नाही, सूज येत नाही, कधी तर खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते. मग पापण्या जड होतात, बोलणे जड होते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. जंगल भागात काम केलेल्या प्रत्येक डॉक्टरला ही झुकलेली पापणी पाठ असते.

आता हीच पापणी मायस्थेनियाच्या रुग्णाची आठवा. साम्य योगायोगाने आलेले नाही. मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो, तिथे एक बारीक फट असते. मज्जातंतू त्या फटीत ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सोडतो. स्नायूच्या बाजूला त्यासाठी खास कुलपे असतात. रसायनाची किल्ली कुलपात बसली की स्नायू आकसतो. क्युरारे आणि नागाचे विष ही कुलपे अडवतात. मण्यारीच्या विषाचा मोठा भाग मज्जातंतूच्या टोकावरच घाव घालतो. म्हणून नागाच्या विषात निओस्टिग्मीनचा उपयोग होतो आणि मण्यारीच्या विषात फारसा होत नाही.

१९६३ मध्ये तैवानमधील चँग आणि ली या शास्त्रज्ञांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून एक घटक वेगळा काढला. ही मण्यार आपल्या मण्यारीची चुलतबहीणच. हा घटक त्या कुलपांना असा घट्ट चिकटतो की सुटत नाही. त्यामुळे स्नायूवर अशी कुलपे किती आहेत, हे प्रथमच मोजता येऊ लागले. १९७३ मध्ये फॅमब्रो, ड्रॅकमन आणि सत्यमूर्ती यांनी याच घटकाचा वापर करून दाखवले की मायस्थेनियाच्या रुग्णांच्या स्नायूंत कुलपे फारच कमी उरलेली असतात. त्याच वर्षी पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी सशांना या कुलपांचे प्रथिन टोचले. सशांच्या शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली आणि ते ससे मायस्थेनियाच्या रुग्णासारखे लुळे पडले.

ग्लासगोचे सिम्प्सन यांनी १९६० मध्येच तर्क केला होता की हा आजार म्हणजे शरीराच्या सैनिकांनी स्वतःच्याच घरावर केलेला हल्ला असावा. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी उंदरांवरील प्रयोगांतून सिद्ध केले की या सैनिकांची, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींची, घडण थायमस ग्रंथीत होते. तोवर या ग्रंथीला काही काम नाही, असेच बहुतेकांचे मत होते. आता दुवे जुळले. थायमस हे सैनिकांचे प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे गाठ झाली की शिकवणी बिघडते, काही सैनिक स्वतःच्याच स्नायूंच्या कुलपांवर चाल करून जातात आणि पापणी झुकते.

आपल्या जिल्ह्यांत पापणी कशी वाचायची?

झुकलेली पापणी दिसली की लगेच थायमोमा समजू नका. आपल्या भागात डोळ्याभोवतीची लक्षणे अनेक आजारांत दिसतात आणि त्यांच्यातला फरक बऱ्याच वेळा विचारपूस करूनच कळतो.

रात्री जमिनीवर झोपलेला माणूस सकाळी पापण्या उचलू शकत नसेल, तर तो सर्पदंश समजून ताबडतोब रुग्णालयात न्या. दंशाची खूण शोधत बसू नका.

कुष्ठरोगात चेहऱ्याचा मज्जातंतू दुखावला तर डोळा उघडा राहतो, मिटत नाही. म्हणजे त्रास उलट प्रकारचा. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये सुरू केलेल्या आनंदवनामुळे आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना हा आजार परका नाही.

वयोमानाने पापणीची कातडी सैल पडते. ती सकाळ-संध्याकाळ सारखीच असते आणि वर्षानुवर्षे हळूहळू वाढते. एकाच डोळ्याची पापणी अचानक पडली, सोबत डोके दुखले किंवा बाहुली मोठी झाली, तर मेंदूच्या रक्तवाहिनीचा आजार असू शकतो आणि तीही तातडीची बाब आहे.

मायस्थेनियाची पापणी यांहून वेगळी. ती सकाळी ठीक असते, दिवस चढेल तशी झुकते. कधी डावी जास्त, कधी उजवी. एकाची दोन माणसे दिसतात. पहाटे मोहफुले वेचताना काही जाणवत नाही, पण संध्याकाळी चुलीपुढे बसल्यावर डोळे उघडे ठेवता येत नाहीत. भाकरीचे पहिले चार घास नीट जातात, मग जबडा थकतो आणि हाताने हनुवटी धरावी लागते. पाणी पिताना नाकातून येते. बोलता बोलता आवाज नाकातून येऊ लागतो. दिवसभराच्या कष्टाने आपण सगळेच थकतो, पण तेव्हा अंग दुखते आणि झोप येते. इथे दुखत काहीच नाही, ठरावीक स्नायू काम करणे थांबवतात आणि विश्रांती मिळाली की पुन्हा चालू होतात.

थायमोमाच्या आणखी काही खुणा आहेत. क्वचित अस्थिमज्जेत तांबड्या पेशी तयार होणे थांबते आणि रुग्ण पांढराफटक पडतो. आपल्याकडे पांढरेपणा दिसला की सिकलसेल, मलेरिया, जंत आणि अपुरा आहार यांचा विचार आधी करायचा, आणि तो योग्यच आहे. पण सगळ्या तपासण्या होऊनही कारण सापडत नसेल, तर छातीचा फोटो बघायला हवा. काही रुग्णांना पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होतो. थायमोमाशी असलेले त्याचे नाते १९५४ मध्ये रॉबर्ट गुड यांनी दाखवले.

साध्या तपासणीवर माझा एवढा भर का, असे कुणी विचारेल. गडचिरोलीनेच त्याचे उत्तर जगाला दिले आहे. हेमलकशात १९७३ मध्ये डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी काम सुरू केले तेव्हा वीज नव्हती, यंत्रे नव्हती. डोळे, कान आणि हात हीच साधने होती. पुढे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या आरोग्यसेवकांना बाळाचे श्वास मोजायला शिकवले आणि त्यावरून न्यूमोनिया ओळखून उपचार करता येतात, त्याने बालमृत्यू कमी होतात, हे १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले. श्वास मोजायला पैसे लागत नाहीत. पापणी बघायलाही लागत नाहीत.

डॉक्टर काय काय करून बघतात?

तुम्ही गेलात की डॉक्टर पुढच्या गोष्टी करतील. त्या आधी माहीत असल्या तर तुम्ही गोंधळणार नाही.

डोके न हलवता वर छताकडे बघायला सांगतील आणि मिनिटभर तसेच ठेवतील. थकणारी पापणी हळूहळू खाली येते. मग डोळे मिटून विश्रांती देतील. पापणी पुन्हा वर गेली तर शंका बळावते.

झुकलेल्या पापणीवर कापडात गुंडाळलेला बर्फ दोन मिनिटे ठेवतील. मायस्थेनियात गारव्याने पापणी थोडा वेळ उचलली जाते. गाव-खेड्यातही करता येईल अशी ही चाचणी आहे.

हात समोर ताठ धरायला, मोठ्याने आकडे मोजायला, उताणे झोपून मान उचलायला सांगतील. एका श्वासात कुठवर मोजता येते हे बघतील. निरोगी माणूस साधारण ५० पर्यंत जातो. २० च्या आत अडखळत असेल तर श्वासाचे स्नायू थकत आहेत असे समजून त्वरित मोठ्या रुग्णालयात पाठवतील.

मानेच्या शिरा, चेहऱ्याची सूज, छातीवरचे शिरांचे जाळे आणि हात वर धरल्यावर होणारा बदल बघतील. त्यानंतर गरज असेल तर रक्तातील प्रतिपिंडे, स्नायूंची विद्युत तपासणी आणि छातीचा सीटी स्कॅन करायला सांगतील.

तुम्ही स्वतः एक मदत करू शकता. आधार कार्डावरचा किंवा जुन्या लग्नातला फोटो सोबत न्या. शिवाय मोबाइलवर एक फोटो सकाळी उठल्यावर आणि एक संध्याकाळी काढा. आमची ओपीडी सकाळची असते आणि हा आजार संध्याकाळी दिसतो. कितीतरी रुग्णांना ‘काही नाही, अशक्तपणा आहे’ असे ऐकून परत जावे लागते ते यामुळेच. विशेषतः बायकांच्या बाबतीत ‘मनाचे आहे’ असे म्हणण्याची घाई होते. विल्क्स यांच्या रुग्ण मुलीला जाऊन जवळपास १५० वर्षे झाली, तरी ही घाई संपलेली नाही. संध्याकाळचा फोटो समोर ठेवला की हा वाद मिटतो.

मलेरियाच्या भागात एक खास काळजी

ज्यांना मायस्थेनिया आहे किंवा ज्यांच्या बाबतीत त्याची शंका आहे, त्यांनी ही गोष्ट नक्की लक्षात ठेवा. मलेरियावर वापरली जाणारी क्लोरोक्वीन आणि क्विनाइन ही औषधे मायस्थेनिया वाढवू शकतात. जेंटामायसिन, ॲमिकासिन यांसारखी इंजेक्शने, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ॲझिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके, मॅग्नेशियमचे इंजेक्शन आणि रक्तदाबाची काही औषधेही त्रास वाढवू शकतात. गडचिरोलीत ताप आला की मलेरियाची तपासणी आणि औषध लगेच मिळते, आणि तसे मिळायलाच हवे. मलेरियाचा उपचार टाळू नका. फक्त गोळी घेण्याआधी आशाताईंना, नर्सताईंना आणि डॉक्टरांना तुमचा आजार सांगा, म्हणजे ते योग्य औषध निवडतील. आजाराचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी खिशात किंवा पदरात ठेवा. स्वतःहून कोणतेही औषध बंद करू नका.

थायमोमाची शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही मायस्थेनियाची लक्षणे सांगा. ती अगदी सौम्य असली, फक्त संध्याकाळी थोडी पापणी जड होत असली, तरी सांगा. शस्त्रक्रियेनंतर श्वास सावरण्यासाठी त्यांना तयारी करावी लागते.

थांबू नका

गिळता येत नसेल, लाळ सांडत असेल, बोलणे अस्पष्ट झाले असेल, उताणे झोपल्यावर दम लागत असेल किंवा एका श्वासात २० पर्यंत मोजता येत नसेल, तर सकाळची वाट न बघता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. चेहरा आणि मान अचानक सुजली तरीही हेच करा.

आणि असे काही तातडीचे नसेल, पण घरात कुणाची पापणी दर संध्याकाळी खाली येत असेल, तर आजच दोन फोटो काढा आणि या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा थायमोमा निघणार नाही. जे काही निघेल, त्यावर उपचार मात्र करता येतील.